पुठ्ठ्याची भिंत

शेफाली नावाची बाई पुण्याहून पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या गाडीची डिकी पुठ्ठ्यांनी भरलेली होती, आणि ते पाहूनच रत्ना ढेबेच्या मनात पाल चुकचुकली. साहेब लोक येतात ते फायली घेऊन येतात. पुढारी येतात ते हार घालून घ्यायला येतात. ही बाई कात्र्या, डिंकाच्या बाटल्या, शाडूचे गोळे आणि आइस्क्रीमच्या काड्यांचे गठ्ठे घेऊन आली होती. म्हणत होती, तुमची वस्ती नव्यानं बांधायची आहे, तर ती कशी असावी हे तुम्हीच तुमच्या हातानं करून दाखवा.

वस्ती भोर शहराच्या खालच्या अंगाला, नीरेच्या काठावर. पूर्वी वेल्ह्याच्या डोंगरातली माणसं शेरडं-मेंढरं बाजाराला आणायची, त्यांची वाडगी, म्हणजे जनावरं कोंडायची कुंपणं, इथं पडायची. त्यातलीच काही माणसं पुढं इथंच राहिली. वाडगी गेली, पत्र्याची घरं आली, नाव मात्र वाडग्याची वस्ती असंच राहिलं.

रत्नाला संशय यायला कारण होतं. काही वर्षांपूर्वी एका ठेकेदाराचा माणूस असाच गोड बोलत आला होता. नळ कुठं हवेत ते दाखवा म्हणाला. लोकांनी हौसेनं जमिनीवर चुन्याची फक्की मारून दाखवलं. पुढं नळ आलेच नाहीत, पण त्या फक्कीवरून तारेचं कुंपण आलं आणि नदीकडची परसं कुंपणाच्या पलीकडं गेली. विचारायला गेलं तर उत्तर मिळालं, रेघ तुम्हीच ओढली होती. तेव्हापासून रत्नानं एक धडा घेतला होता. तुम्हाला काय हवंय असं परका माणूस विचारतो, तेव्हा तुमच्याकडं काय आहे तेच तो बघत असतो.

म्हणून पहिल्या रविवारी भैरवनाथाच्या देवळात सगळे जमले तेव्हा ती खांबाला टेकून उभी राहिली आणि कशालाच हात लावला नाही. बाकीच्यांनीही लावला नाही. शेफाली मग स्वतःच मांडी घालून खाली बसली. सभामंडपात तिनं एक मोठी फळी टाकली, निळा कागद कापून त्यावर नदी चिकटवली, रस्ता काढला, देऊळ केलं. मग म्हणाली, प्रत्येक घरानं आपलं घर करायचं आणि हवं तिथं ठेवायचं. हे सगळं इथंच देवळात राहील. आठवड्यात कुणालाही वाटलं तर येऊन बदल करा. शेवटच्या बैठकीत जे फळीवर असेल त्यावरून आम्ही नकाशा करू आणि नगरपालिकेपुढं ठेवू.

"आनि आमी केल्यालं त्यांनी न्हाई मानलं तर?" चंद्राबाईनं विचारलं. चंद्राबाई रत्नाची शेजारीण, दोन्ही घरांची भिंत एक.

"सगळं मानतीलच असं मी सांगत नाही," शेफाली म्हणाली. "पण घर कसं हवं हे तुम्ही दाखवलंत तर मला भांडता येईल."

रत्नाला हे उत्तर आवडलं नाही. सगळं होईल म्हणाली असती तर तिला खोटी म्हणून सोडून देता आलं असतं.

ढेब्यांचं घर लांबोळकं होतं. मागं दोन खोल्या, एकीत रत्ना आणि तिचा नवरा भिमा, दुसरीत धाकटा दीर गोरख, त्याची बायको सुप्रिया आणि त्यांची लहानगी. माजघरात स्वयंपाक व्हायचा आणि रत्नाची दोन पोरं झोपायची. पुढच्या पडवीत रत्नाची सासू भामाबाई, आणि तिच्या अंथरुणाच्या पायथ्याशी तिच्या शेळ्या. भिमा टेम्पो चालवायचा, कापूरहोळच्या ढाब्यांना भाजी पोचवायचा. गोरख तिथंच एका गॅरेजात कामाला. सुप्रिया आंबवड्याची, बारावी झालेली, एसटी स्टँडजवळच्या औषधाच्या दुकानात बसायची.

नव्या योजनेत दोन्ही भावांना आपापली जागा धरली होती. दोन्ही जागा जोडून एक मोठं घर करा नाहीतर वेगवेगळी करा, तुमची मर्जी, असं शेफालीनं समजावून सांगितलं होतं. पण वस्तीत त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत वेगळंच फिरायला लागलं. मध्ये भिंत घातली की दोन घरं मिळतात, असं कुणी म्हणे. भिंत घातली की यादीतून दोन्ही नावं कटतात, असं दुसरा म्हणे. त्यामुळं ज्याची त्याची नजर दुसऱ्याच्या पुठ्ठ्यावर.

दुसऱ्या रविवारी ढेब्यांचं घर झालं. सुप्रियाचा हात चांगला होता. तिनं सरळ रेषेत पुठ्ठा कापला, छप्पर उचलून आत बघता येईल असं ठेवलं. रत्ना शेजारी उभी राहून सांगत होती. मागं दोन खोल्या, मध्ये मोठं माजघर, पुढं पडवी. आत्ता आहे तसंच, फक्त पक्कं.

"चूल एकच," रत्ना म्हणाली.

"व्हय आक्का. एकच."

सुप्रिया इतक्या चटकन हो म्हणाली की रत्ना बेचैन झाली. मागच्या वर्षापासून सुप्रियाच्या खोलीत विजेवरची एक किटली आली होती, लहानगीचं दूध गरम करायला म्हणून. त्यात चहाही होतो हे रत्नाला वासावरून कळलं होतं. अशी बाई भांडणाशिवाय एका चुलीला कशी कबूल होते? रत्नानं तिच्याकडं निरखून पाहिलं. सुप्रिया काडीला डिंक लावत होती. भामाबाई देवळाच्या पायरीवर बसून मातीचा गोळा हातात मळत होती, तशा बाकीच्या म्हाताऱ्याही मळत होत्या.

त्या आठवड्यात वस्तीतल्या बायकांची भक्ती एकाएकी वाढली. देवळाची किल्ली शेजारच्या गेनबाकडं असायची. कुणी तेल घालायला, कुणी फुलं वाहायला म्हणून ती मागून न्यायचं आणि गाभाऱ्यापेक्षा फळीपाशीच जास्त वेळ थांबायचं. रत्नाही दोनदा गेली. घर होतं तसंच होतं.

तिसऱ्या रविवारी शेफालीनं फळीवरची चादर काढली आणि लोक वाकून आपापलं घर बघायला लागले. चंद्राबाईनं आपलं सोडून ढेब्यांचंच छप्पर आधी उचललं.

"अगं बया," ती म्हणाली, "रत्ने, तुजं घर फुटलं की गं."

आत एक नवी भिंत उभी होती. सुप्रियानं वापरला तो करडा पुठ्ठा नव्हे, चहाच्या खोक्याचा लालसर. भिंत जरा वाकडी होती, डिंक बाहेर ओघळलेला होता. पण ती पुढची पडवी घरापासून साफ तोडत होती, आणि पडवीला रस्त्याच्या बाजूनं एक दार कापलेलं होतं.

रत्नानं वर पाहिलं तर सुप्रिया तिच्याकडंच बघत होती.

"म्या न्हाई," सुप्रिया म्हणाली.

"म्या तुला काय इचारलं का?"

एवढंच बोलणं झालं. पण भोवतीच्या सगळ्यांनी ते ऐकलं, आणि ढेब्यांच्या जावा वेगळ्या निघणार ही बातमी दुपारच्या आत कापूरहोळला गॅरेजात गोरखपर्यंत पोचली.

पुढचे काही दिवस घरात विचित्र गेले. भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं, असं रत्नाला वाटत होतं. दोघी एकमेकींशी जेवढ्यास तेवढं बोलत. मीठ दे, दार लाव, पाणी आलं. गोरख रोजच्यापेक्षा लवकर घरी यायला लागला आणि आल्यावर बायकोशी हळू आवाजात बोलायला लागला. सुप्रियाचा भाऊ आंबवड्याहून मोटारसायकलवर येऊन गेला, चहासुद्धा न घेता. रत्नानं हे सगळं मनात एकाला एक जोडलं आणि तिची खात्री पटली. पडवीची जागा रस्त्याला लागून. तिथं दुकानाचा गाळा निघतो. सुप्रिया औषधाच्या दुकानात उगाच बसत नव्हती. ती धंदा शिकत होती. आणि पडवीत झोपणारी म्हातारी मग रत्नाच्या गळ्यात.

तिनं हे भिमाला सांगून पाहिलं. भिमा म्हणाला, पुठ्ठ्याला काय घाबरायचं. तेव्हा तिला भिमाचाही संशय आला. भावांचं आतून ठरलंय की काय?

शेवटी एके दिवशी सुप्रिया कामावर गेल्यावर रत्ना तिच्या खोलीत शिरली. काय शोधायचं ते तिला नीट ठाऊक नव्हतं. लाल पुठ्ठ्याचा उरलेला तुकडा, कात्री, काहीतरी. तिनं ट्रंक उघडली, साड्या उचलल्या, परत ठेवल्या. लहानगीची लोकरीची टोपी, लग्नातला शालू, औषधाच्या दुकानातली एक पिशवी. पिशवीत गुडघ्याला लावायचं मलम होतं. रत्नाचे गुडघे दुखतात हे घरात सगळ्यांना माहीत होतं. ते मलम कुणासाठी हे तिला तिथं उभ्या उभ्या कळलं, आणि आपण काय करतोय हेही कळलं. तिनं ट्रंक बंद केली.

साड्यांची घडी बदललेली सुप्रियाला आल्या आल्या दिसली. ती माजघरात येऊन रत्नासमोर बसली.

"आक्का, तुमाला काय पायजे हुतं माज्या ट्रंकंत?"

रत्नाला खोटं सुचलं नाही. "त्या भितीचं बघत हुते," ती म्हणाली.

"मला वाटलं ती तुमीच घातली," सुप्रिया म्हणाली. तिनं आवाज वाढू दिला नाही. "पोरं मोठी झाली तुमची. त्यांची लग्नं हुतील, त्यांना खोली लागंल, म्हून तुमी पुढची जागा तोडून घ्यायला निगालाय. ह्यांना पन म्या तेच सांगितलं. भावाला बोलावून इचारलं की काय करावं."

चार दिवस रत्नानं सुप्रियाबद्दल जे जोडत आणलं होतं, तेच सुप्रियानं तिच्याबद्दल जोडलं होतं.

"मग घातली कुनी?" रत्ना म्हणाली.

दोघी तशाच उठल्या आणि देवळाकडं निघाल्या. वाटेत चंद्राबाईचं नाव घेऊन झालं, कारण तिला लोकांची घरं फुटलेली बघायला आवडायचं. शेफालीचंही घेऊन झालं. कदाचित तिलाच घरं लहान करायची असतील. गेनबानं किल्ली देताना कुरकुर केली की देवाला कुणी येत नाही, पुठ्ठ्याला येतात.

त्यांनी चादर बाजूला केली आणि छप्पर उचललं. रविवारी गर्दीत दोघींनीही फक्त भिंत पाहिली होती. आता वाकून आत पाहिलं. तोडलेल्या पडवीत, कोपऱ्यात, मातीच्या तीन गोळ्या त्रिकोणात ठेवलेल्या होत्या. त्यांच्या मध्ये काडीचे बारीक तुकडे. दुसऱ्या भिंतीला लागून मातीचे चार-पाच बुटके जीव, प्रत्येकाला चार पाय आणि चिमटीनं ओढलेली शिंगं. दाराला आतल्या बाजूनं दोऱ्याचा एक फास लावलेला होता.

"ही चूल हाय," सुप्रिया म्हणाली. मग म्हणाली, "आनि ह्या शेळ्या."

रत्नानं छप्पर हळूच परत ठेवलं.

सकाळी भामाबाई शेळ्या घेऊन नदीकडं जायची. दुसऱ्या दिवशी रत्ना तिच्या मागोमाग गेली. म्हातारी एका दगडावर बसली होती, हातात बाभळीची डहाळी. रत्ना संतापली होती. आपण आणि सुप्रिया एका घरात राहून परक्यासारख्या वागत होतो, तेव्हा ही बाई पडवीत बसून सगळं बघत होती आणि एक शब्द बोलली नव्हती.

"आत्याबाई, भित तुमी घातली?"

भामाबाईनं नाही म्हटलं नाही. "म्या घातली," ती म्हणाली. "गेनबाकडनं किल्ली घेतली. तेल घालायला जाते म्हनलं."

"आमी एकमेकींच्या जिवावर उठलो हुतो. तुमाला दिसत न्हवतं?"

"दिसत हुतं."

"मग बोलला का न्हाई?"

भामाबाईनं डहाळीनं एका शेळीला पाण्यापासून मागं हाकललं. मग म्हणाली, "बोलले असते तर तुमी सगळ्यांनी बसून माजी समजूत घातली असती. तू घातली असतीस, भिमानं घातली असती. आनि म्या गप बसले असते. लई येळा बसलेय. म्हनलं भित तरी दिसंल कुनाला."

रत्ना खाली बसली. तिनं विचारलं की घरात काय कमी पडतं. खायला मिळत नाही का, कुणी उलटून बोलतं का.

भामाबाई म्हणाली, तसं काही नाही. पण पासलीच्या वरच्या वाडीतून ती लग्न होऊन आली तेव्हा तिचं अंथरूण पडवीत पडलं, सासू-सासरे आत होते म्हणून. सासू-सासरे गेले तेव्हा पोरं मोठी झाली होती. मग सुना आल्या. आत जायची तिची पाळी कधी आलीच नाही. पहाटे भिमा टेम्पो काढायला जातो तो तिच्या उशाशेजारून, गोरख येतो तो पायथ्यावरून. घरातलं प्रत्येक माणूस तिला ओलांडून जातं. भूक लागली तर भाकरी कुणी वाढेल तेव्हा. तिला आता आपल्या हातानं, आपल्याला हवी तेव्हा, जाड नाचणीची भाकरी करून खायची होती, आणि कडी लावून झोपायचं होतं.

"एवडंच हाय," ती म्हणाली. "कुनावर राग न्हाई."

रत्नाला ते समजलं, आणि समजल्यामुळं ती जास्तच घाबरली. वस्तीत लोक काय म्हणतील हे तिला आत्ताच ऐकू येत होतं. सासूला वेगळी काढली. म्हातारपणी चूल मांडायला लावली. शेळ्यांत नेऊन टाकली. यातला एक शब्दही सुप्रियावर जाणार नव्हता, कारण थोरली रत्ना होती.

"तुमी सोता सांगा सगळ्यांम्होरं," ती म्हणाली. "रविवारी शेवटची बैठक हाय. मला असं पायजे, असं तुमच्या तोंडानं सांगा. मग कुनी काय म्हननार न्हाई."

भामाबाई म्हणाली की सांगेन.

रत्नाची चूक एवढीच झाली की हे तिनं त्या दिवशी भिमाला सांगितलं. भिमा ऐकत असताना भाजीची क्रेट रचत होता, त्याचे हात थांबले. माझी आई वेगळं शिजवून खाणार, तो म्हणाला, आणि मी आत बसून जेवणार. लोक तोंडात शेण घालतील. हे आईच्या डोक्यातलं नाही, कुणीतरी भरवलंय. असं म्हणताना त्यानं रत्नाकडं पाहिलं. मग तो उठून देवळात गेला, भिंत उपटली आणि खिशात घालून परत आला. आईशी तो यावर एक शब्द बोलला नाही. फक्त आपलं अंथरूण माजघरात आणून टाकलं आणि आईला म्हणाला, तू आत नीज, माझ्या खोलीत. भामाबाईनं नाही म्हणून मान हलवली आणि पडवीतच झोपली.

रविवारी देऊळ भरलं होतं. नगरपालिकेतले एक साहेब आले होते, शेफालीबरोबर फोटो काढणारा एक मुलगा होता. फळीवर आता अख्खी वस्ती उभी होती. देवळाच्या मागं मोकळी जागा, नदीकडं पायऱ्या, रस्ता वळवून घरांच्या ओळी. शेफाली एकेका घरापाशी थांबून छप्पर उचलायची आणि त्या घरच्यांना विचारायची, हे असंच हवं ना. हो म्हटलं की पुढं जायची. अजूनही प्रत्येक हो नंतर मागं कुजबुज व्हायची की ह्यांनी दोन हात जास्त धरलेत.

ढेब्यांच्या घरापाशी आल्यावर तिनं छप्पर उचललं. भिंत नव्हती. चूल आणि शेळ्याही नव्हत्या. पडवीच्या जमिनीवर डिंकाचा एक वाळलेला ओघळ तेवढा राहिला होता.

"इथं काहीतरी होतं ना?" शेफालीनं विचारलं.

"पोरांनी खेळ केला हुता," भिमा म्हणाला. "हाय ते बराबर हाय."

रत्नानं सासूकडं पाहिलं. भामाबाई पुढंच बसली होती, पदर डोक्यावर. ती आपल्या हातांकडं बघत होती. तिच्या एका बाजूला भिमा उभा होता, दुसऱ्या बाजूला गोरख. रत्ना वाट बघत राहिली. आत्ता बोलेल, आत्ता बोलेल. भामाबाईनं एकदा तोंड उघडल्यासारखं केलं आणि पदर पुढं ओढला.

शेफालीनं छप्पर परत ठेवायला हात उचलला.

त्या क्षणी रत्नाला म्हातारीचा राग आला, भिमाचा आला, आणि आपण हे जाणून घ्यायला गेलो कशाला असंही वाटलं. गप्प बसणं सोपं होतं. कुणीही तिला दोष दिला नसता. उलट सासूला एकत्र ठेवणारी म्हणून नाव झालं असतं. तिनं शेजारच्या खोक्यातून पुठ्ठ्याचा एक तुकडा उचलला, कात्रीनं मापाला कापला आणि पुढं होऊन तो पडवीच्या रेषेवर उभा केला.

"ही आत्याबाईंची खोली," ती म्हणाली. "दार रस्त्याकडनं. चूल आत. आनि शेळ्यांना भायेर आडोसा पायजे."

मग चंद्राबाई मागून म्हणाली, "हितं देवाम्होरं उभं राहून सासूला भायेर काडलीस व्हय, रत्ने?"

रत्नाला वाटलं, आता तरी भामाबाई बोलेल. ती बोलली नाही.

"व्हय," रत्ना म्हणाली. "काडली."

भिमा वळून देवळाबाहेर गेला. त्याच्या टेम्पोचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. रत्नानं कडेला डिंक लावला, पण भिंत सरळ उभी राहीना. तेव्हा समोरून सुप्रिया वाकली आणि तिनं दुसऱ्या बाजूनं दोन बोटांनी पुठ्ठा धरून ठेवला. डिंक वाळेपर्यंत दोघी तशाच वाकून राहिल्या. शेफालीनं भामाबाईजवळ बसून हळूच विचारलं, "आजी, तुम्हाला हे चालेल?" भामाबाईनं मान हलवली. पण ती मान होकाराची होती की रडण्याची, हे मागच्यांना दिसलं नाही, आणि ज्याला जे वाटलं ते त्यानं सांगत फिरावं अशीच ती हालचाल होती.

भिमा महिनाभर रत्नाशी बोलला नाही. ताट समोर आलं की जेवायचा आणि उठायचा. सासरच्या एका लग्नात रत्नाला नात्यातल्या एका बाईनं सगळ्यांसमोर विचारलं, तुमच्या सासूबाई अजून तुमच्यातच आहेत ना. रत्नानं हो म्हटलं. सुप्रिया मध्ये पडून खरं काय ते सांगायला लागली तेव्हा ती बाई हसली आणि म्हणाली, जावाजावांचं चांगलं जमलंय म्हणायचं.

घरं व्हायला दोन पावसाळे गेले. लोकांनी केलं तसं सगळं झालं नाही. नदीकडच्या पायऱ्या कमी झाल्या, देवळामागची मोकळी जागा अर्ध्यावर आली, आणि त्यावरून शेफाली साहेबांशी भांडलेली वस्तीनं पाहिली. तरी तिच्यावरचा संशय पुरता गेला नाही. मात्र ढेब्यांच्या घराला पुढं एक वेगळी खोली निघाली, रस्त्याकडं दार असलेली. बाहेर शेळ्यांना पत्र्याचा आडोसाही मिळाला.

भामाबाई आपलं अंथरूण, दोन पातेली आणि तवा घेऊन तिथं गेली. पहिल्या दिवशी तिनं केलेली भाकरी एका बाजूनं करपली. तिनं ती पूर्ण खाल्ली. येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना ती आता आपणहून सांगायची की ही खोली मी मागून घेतली, सुनेची यात काही चूक नाही. बायका ऐकून घ्यायच्या. मग चंद्राबाईच्या ओट्यावर जाऊन म्हणायच्या, बिचारीला किती पढवलंय.

त्या दिवशी देवळात का बोलला नाहीत, असं रत्नानं तिला एकदाच विचारलं. भामाबाई तांदूळ निवडत होती.

"पोरगं शेजारी उभं हुतं," ती म्हणाली. "त्याच्यादेकत माज्या तोंडून निगंना. तुज्या तोंडून निगालं."

हे आभार होते की नुसतं उत्तर, ते रत्नाला कळलं नाही. तिनं पुढं विचारलंही नाही.

नव्या घरातल्या पहिल्या पावसाळ्याच्या शेवटी तिच्या लक्षात आलं की कापूरहोळहून आल्यावर भिमाचा टेम्पो थांबतो, पण भिमा घरात यायला वेळ लागतो. एकदा ती दाराशी जाऊन उभी राहिली. भिमा आईच्या खोलीत उंबऱ्याशी बसला होता, हातात चहाचा पेला. म्हातारी काहीतरी सांगत होती आणि तो मान हलवत होता. रत्नाला बघून दोघं गप्प झाले.

जेवताना तिनं विचारलं, माय-लेकांचं काय बोलणं चाललं होतं.

"काय न्हाई," भिमा म्हणाला. "शेळीचं."

रत्नानं त्याच्या ताटात भात वाढला. शेळीबद्दल एवढं काय बोलायचं असतं, असं तिच्या मनात आलं, आणि दुसऱ्या दिवशी टेम्पो थांबल्याचा आवाज आला तेव्हा तिनं गॅस बारीक करून कान दिला.